एका पायावरचा पक्षी लंगडा नसतो

‘तळ्याकाठी एका पायावर उभा पक्षी जखमी असतो, त्याला पकडून उपचारांना न्या’ असा संदेश फिरतोय. कृपया असं करू नका. तुतवार, शेकाट्या, बदकं असे पाणपक्षी विसावताना एक पाय पोटाच्या पिसांत दडवतात. उघड्या पायांतून ऊब निसटते ना! दुर्बीण लावून थोडं थांबा. पक्षी पंख ताणतो आणि दडवलेला पाय हळूच खाली येतो. कधी तो एका पायावरच टुणटुण सरकतो, तेव्हा मात्र जाणकारही फसतात.

जवळ गेलात की थवा उडतो आणि स्थलांतरासाठी साठवलेली चरबी नाहक जळते. २०२२ साली एका पाणटिवळ्यानं (लांब चोचीचा स्थलांतरित पाणपक्षी) अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर न थांबता कापलं, ते अशाच चरबीच्या बळावर. पंख लोंबताना किंवा पायात मासेमारीचा दोरा गुंतलेला दिसला, तरच वन्यजीव बचाव पथकाला कळवा.