माकडहाडाची तक्रार

"घरी व्यायाम करायला काही लागत नाही, फक्त इच्छाशक्ती लागते," असं सांगणाऱ्यांच्या घरी नक्की गालिचा असणार. आमच्याकडे फरशी आहे. गुळगुळीत, थंड आणि निर्दय. तिच्यावर उताणं पडून पोटाचे व्यायाम सुरू केले, की शाळेत नुसती पाठ केलेली २०६ हाडं एकेक करून ओळख करून देऊ लागतात. त्यात माकडहाड सगळ्यात बोलकं. शेपटी कधीच गेली, पण तिची थकबाकी वसूल करायला हे मागे ठेवलंय.

"चादर घाल की चौपदरी," आई म्हणाली. घातली. प्लँकमध्ये, म्हणजे कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग ताठ धरायच्या व्यायामात, कोपरं जागच्या जागी राहिली, पाय मात्र चादरीसकट मागे निघाले आणि मी सावकाश लोटांगणाच्या अवस्थेत पोचलो.

मग व्यायामाच्या मॅटची चौकशी सुरू केली. घरात हाडं टोचण्यावर मतभेद नव्हते, त्यामुळे "जितकी जाड तितकी बरी" हा ठराव एकमतानं मंजूर झाला. मेहुण्याकडे १५ मिलिमीटर जाडीची, एनबीआर फोमची (म्हणजे मऊ कृत्रिम रबराची) मॅट पडून होती, ती आधी आणून पाहिली. पाठीला स्वर्गसुख! इतकं, की पहिल्या पोटाच्या व्यायामानंतर दुसरा करावासाच वाटेना. पण उठून एका पायावर उभा राहिलो आणि घोटा चोहीकडे डुलायला लागला. लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढे टाकून खाली जाताना, मागचा गुडघा टेकला, तर तो फोममध्ये शांतपणे बुडत गेला आणि थेट फरशीला लागला. १५ मिलिमीटर गेले कुठे? दबून गेले. पाठीचं वजन पसरतं, गुडघ्याच्या वाटीचं सगळं एकाच ठिकाणी येतं. तिथे जाडीपेक्षा मॅटची घनता कामाला येते. जाहिरातीत मात्र जाडीचाच आकडा ठळक असतो, घनतेचा सहसा कुणी उल्लेख करत नाही.

यावर माझ्या लेखी एकच उपाय: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मॅट धरून जोरात दाबायची. दोन्ही बोटांना एकमेकांची चाहूल लागली, तर गुडघ्याची आणि फरशीचीही भेट ठरलेली. दुकानात मी एकेका मॅटचा असा चिमटा काढत सुटलो, तेव्हा विक्रेत्यानं अदबीनं विचारलं, "सर, नक्की काय शोधताय?" त्याला माकडहाडाचं प्रकरण सांगणं बरं दिसेना.

त्यानं मग एकेक प्रकार उलगडला. पीव्हीसी या प्लास्टिकची टिकाऊ, पण नवी असताना निसरडी. नैसर्गिक रबराची पकड एक नंबर, पण वजन उचलताना निम्मा व्यायाम तिथेच होतो. शिवाय लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असलेल्यांनी तिच्या वाटेला जायचं नाही, आणि उन्हात ठेवली तर ती हळूहळू खराब होते. कॉर्कची हात ओले झाले की आणखी घट्ट धरते. घामाची कदर करणारी एवढी एकच वस्तू मी पाहिली. एकमेकांत अडकवायच्या ईव्हीए फोमच्या चौकोनी लाद्याही होत्या. त्यांवर उड्या मारल्या की लाद्यांचे जोड सुटतात, आणि घरात लहान मूल असेल तर त्यांचं दुपारपर्यंत घर होतं.

लांबीचा प्रश्न उरलाच होता. नेहमीची मॅट १७३ सेंटिमीटर, मी त्याहून जरा उंच. म्हणजे डोकं नाहीतर टाचा, एक काहीतरी फरशीला द्यावं लागणार. शेवटी १८३ सेंटिमीटर लांब, ८ मिलिमीटर जाड आणि बोटांची भेट होऊ न देणारी टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) मॅट घेतली. गुडघ्यासाठी घडी केलेला टॉवेल वेगळा. इतकं संशोधन करूनही टॉवेल लागतोच.

घरी आल्यावर तिची दोन्ही टोकं वर वळून बसली. उलट बाजूनं गुंडाळून ठेवल्यावर सरळ झाली. पण खरी अट नंतर कळली: फरशीवर धूळ असेल तर कितीही पकडीची मॅट घसरते. त्यामुळे व्यायामाआधी ओल्या फडक्यानं फरशी पुसायची आणि वाळेपर्यंत थांबायचं. बायकोनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "व्यायामाचा फरक दिसायला लागलाय हं. हॉल किती स्वच्छ दिसतोय!"

एक गोष्ट मात्र कुठलीच साधी मॅट करत नाही. पायाखालचा दणका ती थोडा गिळते, पण उडी मारल्यावरचा धप्प आवाज स्लॅबमधून खाली जातोच. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या.

"तुमच्याकडे फर्निचरचं काम निघालंय का हो?"

"नाही काकू, व्यायाम करतोय."

"अस्सं! आणखी किती दिवस चालणार?"

"संपतच आलाय," मी म्हणालो.