जॉनी वॉकर यांच्या मद्यपानाविषयी खुलासा

परभणी-नांदेडकडे सध्या मोबाइलवर असा मजकूर फिरत आहे की, विनोदी अभिनेते जॉनी वॉकर पडद्यावर झिंगलेले दिसत, कारण ते खरोखरच पिऊन चित्रीकरणाला येत. हे साफ चुकीचे आहे. मूळचे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसवर वाहक असलेले आणि प्रवाशांना हसवणारे हे तरुण गृहस्थ. त्यांनी गुरुदत्त यांच्यासमोर दारुड्याची अशी हुबेहूब नक्कल केली की, ‘बाजी’ (१९५१) या चित्रपटात त्यांना काम मिळाले. व्हिस्कीवरून हे टोपणनावही गुरुदत्त यांनीच दिले, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे. (बाटलीवरचे नाव वाचून माणसाची पारख करण्यातलाच हा प्रकार.) प्रत्यक्षात, आयुष्यभर दारुडे रंगवणारे जॉनी वॉकर स्वतः दारूला शिवतही नसत.