ससीण पिल्लांजवळ बसत नाही म्हणून ड्रॉपर उचलणाऱ्यांनो, थांबा

मंगळवारी रात्री धाकट्या बहिणीचा मिरजेहून फोन आला. "ताई, पिल्लं मरायला लागलीत गं." कुठली पिल्लं, हेच मला आधी कळेना. तिच्या लेकीने दिवाळीत दोन ससे आणले होते, विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेल्या 'दोन माद्या'. त्यातली एक रविवारी पहाटे व्याली. सात पिल्लं. तीन दिवस मला कुणी कळवलं नाही, कारण जाऊबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला एक मेसेज वाचून सगळं यथासांग चाललं होतं.

तो मेसेज आता माझ्याकडेही आहे. 'ससे पाळणाऱ्यांनो, हे वाचाच, पुढे पाठवा.' पाच मुद्दे, प्रत्येकापुढे जोडलेले हात. एक, मादी पिल्लांजवळ बसत नसेल तर तिने ती टाकली असं समजा आणि दर दोन तासांनी ड्रॉपरने गाईचं कोमट दूध पाजा, तान्ह्या बाळासारखं उताणं धरून. दोन, पिल्लांना हात लावू नका, माणसाचा वास आला की आई त्यांना खाते. तीन, मादीने पोटाचे केस उपटले तर ती खरूज, हळद-खोबरेल लावा. चार, नराला वेगळं करू नका, तो राखण करतो. पाच, बाळंतिणीला गाजर आणि तुपातली पोळी.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकामागून एक वाचा. हात लावायचा नाही, पण दिवसातून बारा वेळा उताणं धरून दूध पाजायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचला असेल का?

आता ड्रॉपर. दोन पिल्लं त्यानेच गेली, म्हणून याच्यावरच जास्त बोलणार आहे.

ससीण पिल्लांवर बसत नाही. ती कोंबडी नाही, मांजरही नाही. ती चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पिल्लांपाशी जाते, तीही बहुतेक रात्री किंवा पहाटे, आणि तीन ते पाच मिनिटांत पाजून बाहेर पडते. हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी माद्या आणि पिल्लं यांच्यावर नजर ठेवून हे मोजलं आणि १९६५ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. साठ वर्षं होऊन गेली. कारणही सरळ आहे. बिळात राहणाऱ्या, सगळ्यांची शिकार असलेल्या प्राण्याने पिल्लांभोवती घुटमळणं म्हणजे कोल्ह्याला पत्ता देणं. म्हणून ती लांब राहते. दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाय पसरून पडलेली दिसते, आणि आपण म्हणतो, काय निर्दयी आई!

एवढ्या थोड्या वेळात भागतं कसं? दुधामुळे. सशाच्या दुधात बारा-तेरा टक्के स्निग्धांश आणि जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के, प्रथिनं तीनच्या आसपास. उलट दुधातली साखर गाईच्या दुधात पावणेपाच टक्क्यांच्या घरात, सशाच्या दुधात दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गाईच्या दुधाने पिल्लाला हवं ते मिळत नाही आणि नको ते मिळतं. पोट फुगतं, जुलाब होतात. त्यात उताणं धरून ड्रॉपर दाबला की दूध पोटाऐवजी फुफ्फुसात. मी बुधवारी सकाळी पोचले तेव्हा मेलेल्या एका पिल्लाच्या नाकपुडीशी दूध सुकलेलं होतं. भाची दोन रात्री गजर लावून उठत होती. बारा वर्षांच्या पोरीने आणखी काय करायचं?

पिल्लं उपाशी आहेत का, हे आई कुठे बसली आहे त्यावरून ठरत नाही, पोटावरून ठरतं. सकाळी उजेडात एकेक उचलून बघा. पाजलेल्या पिल्लाचं पोट टरारलेलं असतं आणि पातळ कातडीतून आतलं पांढरं दूध चक्क दिसतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली असते, पोट खपाटीला गेलेलं असतं, हात लागला की तोंड वर करून उसळ्या मारतं. घरात छोटा डिजिटल काटा असेल तर रोज त्याच वेळी वजन करा. वजन वाढतंय तोवर दूध कोण, कधी पाजतंय याची चौकशी करू नका.

आई खरोखरच मेली किंवा दोन दिवस वजन घटतच गेलं, तर पशुवैद्यकाकडे जा. तोवर आधी ऊब. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, त्याला आधी टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. मग मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर, तीही पोट खाली ठेवून, थेंब थेंब. पाजल्यावर ओल्या कापसाने शेपटीखाली पुसा, कारण ते त्याशिवाय शी-शू करत नाही. एवढं करूनही बरीच जातात.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. मादी पिल्लं खाते, हे होतं. पहिलटकरीण असेल, पाणी कमी पडलं असेल, कुत्रं पिंजऱ्याला नाक लावून बसलं असेल, पिल्लू मेलेलंच जन्मलं असेल, तेव्हा होतं. पण त्यात आपल्या हाताच्या वासाचा संबंध नाही. तुमचा वास तिला रोज खायला घालणाऱ्या माणसाचा वास आहे. ससेपालन करणारे एका मादीची जादा पिल्लं सरळ दुसऱ्या ओल्या, म्हणजे पाजत असलेल्या मादीच्या पेटीत सोडतात आणि ती पाजते. दिवसातून एकदा बघा, मेलेलं काढा, झाका. शेजारच्या मुलांना प्रदर्शन दाखवू नका, एवढंच.

खरूज म्हणे! विण्याच्या आधी मादी गळ्याखालचे, पोटाचे केस उपटून घरटं भरते. त्याने पिल्लांना ऊब मिळते आणि आचळं मोकळी होतात. तिथे हळद-तेल चोपडलंत तर पिल्लं तेच चाटणार. जन्मतात तेव्हा ती उघडी, आंधळी, बहिरी असतात. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. तोवर आचळ शोधायचं ते वासानेच. त्यावर खोबरेल!

डोळ्यांवरून आठवलं. आमच्याकडे ऊसतोडीत फडात सापडलेली सशाची पिल्लंही लोक असाच मेसेज वाचून घरी आणतात. ती रानसशाची, ती जातच वेगळी. ती जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, आणि तिथेही आई दिवसभर लांबच असते. 'टाकलेली' नसतात. बांधाच्या कडेला आडोशाला ठेवा. शिवाय तो प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पाळायचा नसतो.

गाजर-पोळीबद्दल थोडक्यात: गाजर म्हणजे गोड खाऊ, पोळी नकोच. सुकं गवत भरपूर, ओल्या मादीला लसूणघास, आणि पाणी अखंड. तूप माणसांनी खावं.

राहिला राखणदार नर. सशाच्या मादीला माजाचं चक्र नसतं. नराशी संबंध आल्यावर दहा-बारा तासांनी अंडं सुटतं. आणि व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. राखण कसली, नर त्याच वेळेची वाट बघत असतो. पिल्लं दिसली की आधी नर दुसऱ्या पिंजऱ्यात, मग बाकीचं. नराचं ऑपरेशन केलंत तरी पुढचे काही आठवडे वेगळाच ठेवायचा.

मिरजेतली उरलेली पाच पिल्लं मी केसांसकट पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, खोकं पिंजऱ्यात ठेवलं, ड्रॉपर खिशात घातला आणि दिवे मालवायला लावले. पहाटे साडेपाचला भाची दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, आत गेली." चार मिनिटं. पाचही पोटं पांढरी.

पण नर रविवारपासून बुधवारपर्यंत आतच होता. जाऊबाईंना मी काही बोलले नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सशाच्या गाभणकाळाचे एकतीस दिवस मोजून लाल गोल केलाय, आणि बहिणीला सांगितलंय, त्याआधी या पाचांना वेगळं खायला शिकव आणि दुसरं खोकं तयार ठेव.