एक डिग्री ऑफ फ्रीडम, शंभर फाटे

एफटीसी या विद्यार्थ्यांच्या रोबॉटिक्स स्पर्धेचा नियम सरळ आहे: बाजारातून तयार यंत्रणा आणलीत तर तिला एकच डिग्री ऑफ फ्रीडम हवी, म्हणजे ती एकाच तऱ्हेने हलायला हवी. रोबॉटच्या अठरा इंचाच्या मापावर कुणी हुज्जत घालत नाही, इथे मात्र टीममधला प्रत्येक जण वकील! परवा एकाने ग्रिपरची, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजाची, लिंक पाठवली. "सर, नुसता उघडतो-मिटतो. फिरणारं मनगट वेगळ्या स्क्रूने बसतं, म्हणजे दोन पार्ट झाले ना?" अरे, दोन्ही एकाच डब्यातून येतात, किंमतही एकच! वर पालकांचं पालुपद, "विकायला आहे म्हणजे चालत असणारच." ऑर्डर देण्याआधी स्पर्धेचं मॅन्युअल उघडायला काय होतं? अधिकृत प्रश्नोत्तरंही आहेत. पण नाही, स्पर्धेत रोबॉटच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावरच शंका काढायच्या, तेही पक्कड हातात घेऊन.