स्वीडनच्या शांततेला बदाम देणाऱ्यांसाठी

आज दुपारी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गटावर कोणीतरी एक चित्र टाकले. गोठलेले तळे, काठावर लाल लाकडी घर आणि खाली मजकूर असा, की स्वीडनने १८१४ नंतर एकही युद्ध केले नाही, या लोकांनी शस्त्रांवर पैसा न उधळता तो शाळांवर आणि दवाखान्यांवर घातला, म्हणून हा देश सुखी झाला, आणि आपण यांच्याकडून काहीतरी शिकावे. संध्याकाळपर्यंत त्याखाली बदामांची रांग लागली होती. माझ्या चांगल्या ओळखीच्या, शहाण्यासुरत्या लोकांनीही बदाम दिले आहेत, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

निदान लिनशॉपिंगमध्ये राहणाऱ्यांनी तरी असे लिहू नये. साबचा विमान कारखाना याच गावात आहे, तिथले ग्रिपेन लढाऊ विमान डोक्यावरून गेले की अंगणातले बोलणे अर्धे तोडावे लागते, आणि तरीही आपण समजतो की शांतता इथे बर्फासारखी आपोआप पडते. ही शांतता ज्यांनी राखली त्यांच्यापैकी एकाचे नाव सांगते. बेंग्ट नूर्डेनशेल्ड. गटावरच्या कोणी ते ऐकले असेल असे मला वाटत नाही.

१८९१ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ भूसेनेतून हवाई दलात आले, कारण त्यांच्या तरुणपणी स्वीडनला स्वतंत्र हवाई दलच नव्हते. ते १९२६ मध्ये स्थापन झाले. पुढे ते जनरलपदापर्यंत चढले, आणि १९४२ ते १९५४ अशी बारा वर्षे या दलाचे प्रमुख होते. म्हणजे महायुद्धाचा मध्य, त्याचा शेवट आणि शीतयुद्धाची सर्वांत अंधारी पहिली वर्षे, एवढा सगळा काळ एकाच माणसाच्या वाट्याला आला. करड्या शिस्तीसाठी ते प्रसिद्ध होते, आणि सौम्य शब्दांत सांगायचे तर हाताखालच्यांचे लाडके नव्हते.

त्यांच्या हाती काय आले ते पाहावे. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला, तेव्हा स्वीडनकडे लढाऊ विमाने म्हणून मुख्यतः ब्रिटिश बनावटीची थोडी ग्लॅडिएटर होती, एकावर एक अशा दुहेरी पंखांची आणि जुन्या धाटणीची, आणि त्यांतलीही बारा नुकतीच फिनलंडच्या मदतीला धाडलेली. अमेरिकेकडे सेव्हरस्की कंपनीची १२० विमाने मागवलेली होती. त्यांपैकी ६० मिळाली आणि उरलेली अमेरिकेने स्वतःकडे ठेवून घेतली. पैसे हातात घेऊन उभे असलेल्या गिऱ्हाइकाला जगात कोणीही विमान विकेना. शेवटी मुसोलिनीच्या इटलीकडून जी मिळाली ती घेतली, आणि जोडीला घरच्या घरी एक विमान रचले: पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर प्लायवुडचे आवरण, आणि अमेरिकन इंजिनाची परवान्याशिवाय केलेली नक्कल. जे-२२ नावाचे हे विमान सप्टेंबर १९४२ मध्ये, म्हणजे नूर्डेनशेल्ड प्रमुख झाले त्याच वर्षी, पहिल्यांदा उडाले, आणि अशी १९८ विमाने बांधली गेली. प्लायवुडची विमाने बांधणाऱ्या या देशाने शस्त्रांवर पैसा घातला नाही, असे आपण बदाम देऊन सांगतो आहोत.

युद्ध संपल्यावर तरी हात आखडले असतील, तर तेही नाही. १९४५ पासून अमेरिकेची मस्टँग आली, १९४६ मध्ये ब्रिटिश व्हॅम्पायर जेट घेतली गेली, १९४८ मध्ये रात्री लढण्यासाठी ६० मॉस्किटो आली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला साबचे जे-२९ उडाले. फुगीर पोटाच्या आणि मागे झुकलेल्या पंखांच्या या जेटला लोक टुनान म्हणत, आणि ती ६६१ बांधली गेली. सत्तर लाख वस्तीच्या देशाचे हवाई दल १९५०च्या दशकात जगात चौथ्या क्रमांकाचे मानले जात असे. डोंगर पोखरून त्यांत विमानांसाठी तळघरे खोदली गेली. त्यांपैकी एक येतेबोरी (गोथेनबर्ग) शहराजवळ सेव्ह येथे आज कोणालाही तिकीट काढून पाहता येते. १९५४ मध्ये तर देशाच्या सरसेनापतींनी उघडपणे अण्वस्त्रांची मागणी केली होती, आणि तो विचार पुढे अनेक वर्षे जिवंत राहिला. शाळा आणि दवाखाने याच काळात उभे राहिले, हे मला मान्य आहे. पण ते याच्याऐवजी नव्हे, याच्यासकट उभे राहिले.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या शेजारणीविषयी आहे. आमच्या इमारतीत राहणाऱ्या या आजी ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचे वडील माल्मस्लेटच्या तळावर विमाने दुरुस्त करणारे कामगार होते. मी या देशात नवी असताना त्यांनी मला गावाबाहेरच्या हवाई दल संग्रहालयात नेले होते. तिथे फिरताना त्या सांगत होत्या की लहानपणी वडील उशिरा आले आणि हात न धुताच टेबलापाशी बसले, की आई काही विचारत नसे. कुठले तरी विमान परत आलेले नसे. नूर्डेनशेल्ड यांचे नाव त्यांच्या घरात आदराने घेतले जाई, प्रेमाने नाही.

हे दृश्य एका घरातले, पण ते साऱ्या देशात घडत होते, आणि युद्ध नसताना घडत होते. साबचे लान्सेन विमान १९५२ मध्ये पहिल्यांदा उडाले. ती साधारण ४५० बांधली गेली, त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश अपघातांत नष्ट झाली आणि सुमारे शंभर उड्डाण करणारे त्यांत गेले. हा केवळ एका प्रकारच्या विमानाचा हिशेब आहे. धुक्यात, रात्री, लाटांना चाटून जाईल इतक्या खालून उडायला शिकवल्याशिवाय बाल्टिक समुद्रापलीकडच्या सोव्हिएत शेजाऱ्याला धाक बसणार नाही, असे मानणाऱ्या लोकांनी हे दल घडवले, आणि वीस-बावीस वर्षांची पोरे जंगलात आणि समुद्रात पडत राहिली. या पोरांच्या वाट्याला युद्धात पडलेल्याचा मानही आला नाही, कारण युद्ध चाललेलेच नव्हते. आणि आपण लिहितो, दोनशे वर्षे रक्त सांडले नाही!

इतके लिहून झाल्यावर वाटते की मी त्या जनरलची वकिली करते आहे. तसे नाही. त्याच संग्रहालयाच्या तळघरात एक डीसी-३ विमान आहे, म्हणजे त्याचे जे उरले ते आहे. १३ जून १९५२ रोजी ते स्टॉकहोमच्या ब्रोम्मा विमानतळावरून आठ जणांना घेऊन उडाले आणि गोत्स्का सांदन बेटाच्या पूर्वेला, आंतरराष्ट्रीय हद्दीत, सोव्हिएत मिग-१५ लढाऊ विमानाने त्याला पाडले. तीन दिवसांनी त्याचा शोध घेणारे कॅटालिना विमानही पाडले गेले; त्यावरच्या लोकांना एका पश्चिम जर्मन मालवाहू जहाजाने पाण्यातून उचलले, म्हणून ते वाचले. डीसी-३ हे दिशाशोधनाच्या सरावावर होते, असे देशाला सांगण्यात आले. खरे हे होते की आठांपैकी पाच जण सैन्याच्या रेडिओसंदेश टिपणाऱ्या संस्थेचे होते, आणि ते सोव्हिएत रडारचा आणि संदेशांचा कानोसा घेत होते. ही माहिती पाश्चात्त्यांकडेही जात होती, आणि तरीही व्यासपीठावरून तटस्थतेची भाषणे चालू होती.

आजी त्या सांगाड्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "यातल्या माणसांच्या बायकांना काय सांगितले होते, माहीत आहे? सराव." पुढे काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून मी मान हलवली आणि पुढच्या दालनाकडे निघाले. त्या निघाल्या नाहीत.

खरे दडवण्याचा निर्णय तेव्हाचे पंतप्रधान एर्लांडेर यांच्या सरकारचा होता, आणि शीतयुद्धात कोणता देश असल्या मोहिमा जाहीर करतो, हेही मला ठाऊक आहे. तरी ते विमान ज्या दलाचे होते त्या दलाचे प्रमुख नूर्डेनशेल्ड होते, आणि शिस्तीचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या दलाने आठ घरांना अर्धे सत्य देऊन परत पाठवले, हे मला आजही गिळता येत नाही. विमान आम्ही पाडले, हे सोव्हिएत संघाने १९९१ मध्ये मान्य केले. नूर्डेनशेल्ड त्याआधी, १९८३ मध्येच वारले होते. अवशेष २००३ मध्ये १२६ मीटर खोल सापडले, पुढच्या वर्षी वर काढले गेले, आणि आठांपैकी चौघांचेच मृतदेह मिळाले. तोवर विधवा म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि पोरे निवृत्तीला आली होती. गुप्तता देशासाठी असते म्हणतात. सोव्हिएतांना तर पहिल्या दिवसापासून सारे माहीत होते, कारण गोळ्या त्यांनीच झाडल्या होत्या. मग एवढी वर्षे ही गुप्तता नेमकी कोणापासून राखली?

आणि गुप्ततेचा एवढा बडिवार असलेल्या याच दलाचा कर्नल स्टीग वेनेरस्ट्रम हा आधी मॉस्कोत आणि मग वॉशिंग्टनमध्ये स्वीडनचा हवाई प्रतिनिधी होता, आणि सोव्हिएतांचा हेर होता. तो पकडला गेला १९६३ मध्ये. आठ घरांना काही कळू नये याची काळजी घेतली गेली आणि मॉस्कोला सारे पोहोचत राहिले. इथे मी थांबते, नाहीतर लिहू नये ते लिहीन.

कोणी म्हणेल की स्वीडन वाचला तो नशिबाने आणि तडजोडींनी. जर्मन सैन्याच्या गाड्यांना वाट दिली, लोखंडाचे खनिज विकले, म्हणून वाचला. बरोबर आहे, तेही कारण आहेच. पण तडजोड करणाऱ्याच्या हातात काही तरी असावे लागते, आणि १९४०च्या एप्रिलमध्ये ते नव्हते म्हणूनच तडजोड इतकी लाजिरवाणी झाली. माझ्या मते नूर्डेनशेल्ड यांची बारा वर्षे ही त्या लाजेवर दिलेले उत्तर होती. माणूस म्हणून ते मला आवडत नाहीत. त्यांच्या जागी मऊ स्वभावाचा कोणी असता तर मात्र हे दल उभे राहिले नसते, असे मला वाटते, आणि असे वाटते याचा थोडा रागही येतो.

'शस्त्र उचललेच नाही' म्हणणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या घरची आहे. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कांगोत सैन्य वापरले, तेव्हा त्यांच्या हवाई दलात कोणाची जेट होती? इतरांबरोबर स्वीडनची टुनान आणि भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनची कॅनबेरा. त्या डिसेंबरात कांगोतून फुटलेल्या कटांगा प्रांतातल्या धावपट्ट्यांवर दोघांनी मिळून हल्ले केले. नूर्डेनशेल्ड यांच्या काळात घेतलेली विमाने आणि आपली पोरे एकाच बाजूने लढली होती, आणि आपण स्वीडनला अहिंसेचे धडे देणारा देश म्हणून मिरवतो.

७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोत गेला, तेव्हा याच गटावर 'दोनशे वर्षांची परंपरा मोडली' असे सुतक पाळले गेले होते. १९९४ मध्ये एका सरकारी आयोगाने सविस्तर लिहून ठेवले आहे की १९४९ पासूनच युद्धप्रसंगी पश्चिमेकडून मदत घेण्याची तयारी गुपचूप चालू होती. म्हणजे २०२४ मध्ये जे मोडले ते बरेच आधीपासून तडकलेले होते, आणि तडा नूर्डेनशेल्ड प्रमुख असतानाचाच आहे.

चित्र टाकणाऱ्यावर माझा राग नाही. हेतू चांगलाच असणार. बदाम कोणी परत घेऊ नयेत. फक्त येत्या रविवारी मी आजींबरोबर पुन्हा संग्रहालयात जाणार आहे आणि गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी खाली कळवावे. तळघरात थोडे थांबायची तयारी ठेवावी, कारण आजींना तिथे वेळ लागतो आणि त्यांना घाई केलेली मला चालणार नाही.