दुकानात नेलं की चालू

ठार बंद पडलेल्या यंत्राचं एक बरं असतं. दोन दिवस हळहळायचं, भंगारवाल्याला हाक मारायची, नवीन आणायचं. आमचा कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. तो कधी कधी चालू होत होता.

बटण दाबलं की पंखा घरघरायचा, निळा दिवा लागायचा, मी खुर्ची पुढे ओढून चष्मा चढवायचो आणि एक, दोन, तीन, चार... खट्. सगळं शांत. पुन्हा दाबावं तर ढिम्म. मग तासाभराने मी कपाळाला हात लावून शेजारून गेलो की लहर लागल्यासारखा सुरू व्हायचा आणि दिवसभर गुणी बाळासारखा चालायचा.

मी सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सच्या पावत्या, सिंकिंग फंड, बी विंगच्या गळतीचं कोटेशन, सगळं त्या डब्यात. (त्या डब्याला आमच्याकडे ‘सीपीयू’च म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली दडलेला एक चौकोनी तुकडा, असं चिरंजीव दर वेळी सांगतात. कोणी ऐकत नाही.) दसरा होऊन आठवडा झाला होता आणि दिवाळीआधी हिशेब द्यायचा मी शब्द दिला होता.

“दमट हवेने धरलंय त्याला,” आई म्हणाली. “अहो, तुम्ही बटण फार दाबून धरता,” बायको म्हणाली. तिचं वाक्य मी नेहमीच्या जागी ठेवून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातूनच ‘अर्थिंग’ असं निदान केलं. पंचवीस वर्षं आमच्या इमारतीत काहीही झालं तरी ते अर्थिंगच असतं.

चिरंजीवांचा संशय रॅमवर. झाकण उघडलं तर आत धुळीची गोधडी. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात त्याने स्वतःच्या खोडरबरने घासले. कंपासपेटीतली वस्तू संसाराला उपयोगी पडल्याचा हा आमच्या घरातला पहिलाच प्रसंग. पट्टी ‘टक्’ करून बसली, एक बारीक ‘बीप’ आला आणि तो म्हणाला, “बाबा, एक बीप म्हणजे सगळं ठीक.” तीनदा सुरू झाला. चहा झाला. चौथ्यांदा खट्.

मग सेल. आत एक सीआर 2032 नावाचा, 3 व्होल्टचा चपटा सेल असतो. डबा बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो बदलला आणि घड्याळ थेट 2009 सालात गेलं. बँकेची साइट उघडेना. तिचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, असं मशीनचं म्हणणं. 2009च्या हिशेबाने बरोबरच होतं. तारीख सुधारली, बँक उघडली, पण बंद-चालूचा खेळ तसाच.

शेवटी स्कूटरवर पायांच्या मध्ये, जुन्या चादरीत गुंडाळून, डबा दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो टेबलावर आडवा केला, बटण दाबलं. चालू. बंद केला. पुन्हा चालू. सात वेळा. दवाखान्यात शिरताच ज्याचा ताप उतरतो त्या पोराच्या आईचा चेहरा कसा होतो, तसा माझा झाला असणार. “काका, तुमच्याकडे लाइटचा लोचा असेल,” तो म्हणाला. तिसऱ्या फेरीला त्यालाच माझी दया आली आणि त्याने एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, बदलून दिला. 1,800 रुपये. घरी आणून उभा केला, बटण दाबलं, एक, दोन, तीन, चार.

तेव्हा आईने जपमाळ बाजूला ठेवली, उठली आणि त्याच्या डोक्यावर एक सणसणीत चापट दिली. मी बटण दाबलं. चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा रुसला, पुन्हा चापट, पुन्हा चालू. चिरंजीवांचा विज्ञानावरचा विश्वास डळमळला.

बायको मात्र खाली वाकून बघत होती. “अहो, हे बटण आत जातंय, पण बाहेर येतच नाहीये.”

पुढचं प्लास्टिक उचकटलं. बटणाच्या फटीत, स्प्रिंगला टेकून, कुंकवाने लालबुंद झालेला तांदळाचा एक दाणा. अक्षत.

हे बटण म्हणजे नुसती दोन तारांची गाठभेट असते. टिचकी मारली की सुरू, पण चारेक सेकंद दाबून धरलं की ‘काहीही कर, बंद हो’ असा हुकूम. दाण्यामुळे बटण आत अडकून राहायचं आणि बिचारा दर वेळी इमानाने हुकूम पाळत होता. स्कूटरच्या हादऱ्यांनी दाणा हलायचा, दुकानात सगळं सुरळीत. आईच्या चापटीनेही तेच.

दसऱ्याला यंत्रांची पूजा मीच केली होती. मूठ सढळ, मंत्र मोठ्याने. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईने दाणा उचलून तुळशीत टाकला आणि म्हणाली, “देवाचं आहे, असं बघू नका.”

पावत्या दुसऱ्या दिवशी वाटल्या. जुना, ठणठणीत एसएमपीएस माळ्यावर आहे. आणि आज सकाळी चटणी वाटताना बायको म्हणाली की मिक्सरचं बटण जरा अडकतंय. त्याचीही पूजा मीच केली होती, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.