रक्ताशिवाय क्षमा नाही? मग मूठभर सपीठाचं काय?

सध्या खूप फिरणारा दावा थोडक्यात असा आहे: "लेवीय 17:11 प्रमाणे रक्त सांडल्याशिवाय कोणत्याही पापाची क्षमा नाही. इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, वेदी गेली, म्हणून यहुदी धर्मात तेव्हापासून क्षमेचा मार्गच उरलेला नाही. बळी तर त्यांच्याच संदेष्ट्यांनी नाकारले होते. यशयातलं सांत्वन हे नुसतं धीराचं बोलणं, त्याचा याजकांच्या अर्पणांशी संबंध नाही."

यातलं एकही विधान मूळ मजकुरापुढे टिकत नाही. पडताळून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. लेवीय हे तोराचं, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांपैकी, तिसरं पुस्तक. इथे अध्याय-वचनांचे आकडे मराठी पवित्र शास्त्राप्रमाणे (बायबलप्रमाणे) दिले आहेत. हिब्रू प्रतीत काही ठिकाणी ते वेगळे पडतात. उदाहरणार्थ, मराठीतलं लेवीय 6:1-7 हिब्रूत 5:20-26 आहे. एकच वचन दोन आकड्यांनी दिसलं की वाद उगाच वाढतो.

"कोणत्याही पापाची क्षमा रक्ताशिवाय नाही." लेवीयाचा पाचवा अध्याय उघडा. साक्ष लपवणं, अशुद्ध वस्तूला नकळत स्पर्श होणं, तोंडून निघालेली शपथ विसरणं, अशा मोजक्या दोषांसाठी तिथे ऐपतीप्रमाणे उतरत जाणारं अर्पण सांगितलंय. ऐपत असेल तर मेंढी किंवा बकरी. नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं, एक पापार्पणाला आणि एक होमाला. तेही परवडत नसेल तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ (5:11). त्यानंतर 5:13 मध्ये त्या गरिबासाठी प्रायश्चित्त झालं आणि त्याला क्षमा होईल, असं स्पष्ट लिहिलंय. मेंढीवाल्याला जी क्षमा तीच पिठवाल्यालाही, दोघांसाठी शब्दही तोच.

एफाचा दहावा भाग म्हणजे इस्सारोन. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांच्या, मोजणीत तो 43.2 अंड्यांच्या घनफळाएवढा भरतो, म्हणजे आजच्या मापात सुमारे अडीच लिटर. अंड्याचं माप मोठं धरणारे तो सव्वाचार लिटरपर्यंत नेतात. "सपीठ" या शब्दामुळे डोळ्यांपुढे मैदा येतो, पण मिश्नातला (रब्बींच्या नियमांच्या जुन्या संग्रहातला) "सोलेत" हा चाळणीतून खाली पडणारा नव्हे, चाळणीत वर राहणारा गव्हाचा दाणेदार भाग आहे. आपल्या रव्याच्या तो जास्त जवळचा.

साध्या अन्नार्पणात, म्हणजे मिनहात, दर इस्सारोनाला एक लोग तेल पडतं. लोग सहा अंड्यांएवढा, साधारण 350 मिलिलिटर. वर मूठभर लेवोना, म्हणजे सुगंधी राळ, ठेवतात. आपल्याकडचा "लोबान" हा शब्द त्याच सेमिटिक धातूतून आलेला आहे. खमीर आणि मध वेदीवर चालत नाहीत (2:11), मीठ मात्र चुकवायचं नाही (2:13). गरिबाच्या पापार्पणाच्या पिठात मात्र तेलही नाही आणि लेवोनाही नाही. मिश्नाचा निर्णय फार बारीक आहे: चुकून तेल घातलं तर अर्पण बाद, कारण ते पिठातून काढता येत नाही. चुकून लेवोना ठेवला तर तो वेचून काढायचा, अर्पण वाचतं.

मग याजक उजव्या हाताने "कोमेत्स" काढतो. मधली तीन बोटं तळव्यावर मिटायची आणि अंगठ्याने व करंगळीने कडेला आलेलं पीठ सारखं करायचं. मूठ ओसंडली तर अर्पण बाद, बोटांच्या टोकांनी चिमूटभर घेतलं तरी बाद. मुठीत खडा, मिठाचा कण किंवा लेवोनाचा तुकडा आला तरीही बाद, कारण तेवढी जागा पिठाची कमी झाली. मंदिरातल्या सर्वांत अवघड कामांत हे काम गणलं जायचं. ती मूठ वेदीवर जळते आणि उरलेलं पीठ याजक खातात. गरिबाच्या दारिद्र्याला कमी लेखणाऱ्या धर्माने त्याच्या मूठभर पिठासाठी इतकी काटेकोर शिस्त घडवली नसती. तालमूदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथात, विचारलंय: लेवीय 2:1 मध्ये अन्नार्पण आणणाऱ्याबद्दल "जीव" (नेफेश) असा शब्द का आहे? उत्तर असं की मिनहा आणतो तो बहुधा गरीब, आणि त्याने जणू आपला जीवच अर्पण केला असं देव धरतो.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: 5:12 प्रमाणे ते पीठ "परमेश्वराच्या हव्यांवर" जळतं, म्हणजे आधीच्या प्राण्यांच्या रक्तात मिसळतं ना? त्या वचनात रक्ताचा उल्लेखच नाही. वेदीवर दुसऱ्याचं अर्पण जळत असणं वेगळं आणि या माणसाची क्षमा कशाने झाली हे वेगळं. मजकूर क्षमेचं नातं या माणसाने आणलेल्या पिठाशी जोडतो.

इथेच एक उलटी गल्लत. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाचा मलिदा म्हणजे मंदिरातल्या अन्नार्पणाचाच अवशेष, असंही सांगितलं जातं. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ आणि सोबत फळं. एलियाहू हन्नावीचं (एलीया संदेष्ट्याचं) स्मरण आणि आशीर्वादाच्या प्रार्थना झाल्या की तो सगळ्यांत वाटून खातात. आभार मानण्याचं त्याचं मन मिनहाशी नक्कीच जुळतं. पण मिनहाला तांदूळ चालत नाही; ती गव्हाची असते, ठरावीक प्रसंगी जवाची. मलिद्याला वेदी नाही, मूठ काढणं नाही. त्याचं मोल त्याचं स्वतःचं आहे, ते उसनं आणायची गरज नाही.

"लेवीय 17:11 च तर म्हणतं." 17:10 पासून वाचा. विषय आहे रक्त खाऊ नका हा. कारण दिलंय: प्राण्याचा जीव रक्तात असतो आणि ते मी वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलंय, म्हणून ते तुमच्या ताटात नको. रक्ताने प्रायश्चित्त होतं असं हे वचन म्हणतं. केवळ रक्तानेच होतं असं म्हणत नाही. तोरातच जनगणनेच्या अर्ध्या शेकेलने प्रायश्चित्त होतं (निर्गम 30:15-16), आणि मरी पसरली तेव्हा अहरोनाच्या धूपाने होतं (गणना 16:46-47).

प्रामाणिकपणे सांगायचं तर "रक्तानेच प्रायश्चित्त" हे वाक्य तालमूदातही आहे आणि ते लपवू नये. पण तिथला प्रश्न वेगळा आहे: प्राण्याच्या अर्पणात डोक्यावर हात ठेवणं राहून गेलं तर प्रायश्चित्त अडतं का? उत्तर: नाही, त्या विधीतला निर्णायक भाग रक्ताचा. पीठ आणणाऱ्याला ते वाक्य लागूच होत नाही. ख्रिस्ती नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या 9:22 मध्येही नियमशास्त्राप्रमाणे "बहुतेक" सर्वकाही रक्ताने शुद्ध होतं, असा शब्द आहे. त्या पत्राची श्रद्धा त्याच्या जागी. ती लेवीयाच्या तोंडी घालू नये, एवढंच.

"पापार्पण सगळी पापं धुऊन टाकायचं." इथे भाषांतर घात करतं. हिब्रू "हत्तात" बाळंतिणीलाही आणावं लागतं (12:6), व्रत पुरं करणाऱ्या नाजीराला (देवाला वाहून घेतलेल्या व्रतस्थाला) लागतं (गणना 6:14), आणि वेदीलाही त्याने शुद्ध केलं जातं (लेवीय 8:15). बाळंतपण काही पाप नाही, आणि दगडी वेदी पाप करणार तरी कशी? म्हणून जेकब मिलग्रोमसारख्या अभ्यासकांनी "शुद्धीचं अर्पण" हाच अर्थ धरला. पापासाठी ते येतं तेव्हा मुख्यतः नकळत झालेल्या चुकीसाठी (4:2). हात उगारून, जाणूनबुजून केलेल्या पापाला अर्पणाची वाट नाही (गणना 15:30).

मोजके अपवाद आहेत. त्यातला मोठा म्हणजे दुसऱ्याचं लुबाडून वर खोटी शपथ घेणारा (लेवीय 6:1-7). त्याला कबुली, मुद्दल परत, वर पाचवा भाग आणि मग मेंढा असा क्रम आहे. रब्बी पाचवा भाग एकूण रकमेवर मोजतात: शंभर लुबाडले तर 125 द्यायचे, कारण 25 हा 125 चा पाचवा हिस्सा. मुद्दल परत करण्याआधीच मेंढा आणला तर ते अर्पण फुकट जातं. ज्याचं लुबाडलं त्याला आधी भेटावंच लागतं. दावीद राजाचा गुन्हा, व्यभिचार आणि खून, तर याहून जड होता. त्याने "मी पाप केलं" म्हणताच नाथान संदेष्टा त्याला क्षमा कळवतो (2 शमुवेल 12:13), मध्ये कोणताही प्राणी येत नाही. शांत्यर्पण आणि आभाराचं अर्पण यांचा तर पापाशी संबंधच नाही. आभाराच्या अर्पणासोबत चार प्रकारच्या दहा-दहा, अशा 40 भाकरी असतात, त्यातल्या दहा खमिराच्या. सगळं त्याच दिवशी आणि रात्रीत संपवायचं, म्हणजे माणसं बोलवावीच लागतात.

"मंदिर गेलं आणि मार्ग संपला." मंदिराच्या अर्पणसोहळ्यातच ते बांधणारा राजा शलमोन प्रार्थना करतो: लोक परदेशात बंदिवान झाले, तिथून या दिशेने वळून पश्चात्ताप केला, तर ऐक आणि क्षमा कर (1 राजे 8:46-50). मंदिराशिवायच्या दिवसांची सोय मंदिर बांधणाऱ्यानेच मागून ठेवली होती. इ.स. 70 नंतर पडलेलं मंदिर पाहून रब्बी यहोशुआ विलाप करू लागले, तेव्हा रब्बान योहानान बेन जक्काई म्हणाले की याच तोडीचं दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे: दयेची कामं. आधार होशेय 6:6 चा: मला यज्ञ नको, दया हवी. दुःख खोटं आहे असं त्यांनी म्हटलं नाही, हे लक्षात घ्या.

"संदेष्ट्यांनीच बळी नाकारले." यिर्मया 7:22 पुढे केलं जातं: होमार्पणांविषयी मी तुमच्या पूर्वजांना आज्ञा दिली नव्हती. पण त्याआधी 7:9-11 मध्ये चोरी, खून, व्यभिचार करून मंदिरात येऊन उभे राहणाऱ्यांना तो झोडतो. तोच यिर्मया 33:11 मध्ये आभाराची अर्पणं पुन्हा मंदिरात येतील असं सांगतो. स्तोत्र 51 मध्येही 16 व्या ओळीत यज्ञाची आवड नाही आणि 19 व्या ओळीत वेदीवर गोऱ्हे आहेत. सभास्थानांत याजकांच्या विधींनी भरलेल्या "साव" या तोराच्या साप्ताहिक पाठानंतर यिर्मयाचा हाच उतारा नेमलेला आहे. अधिक महिना नसलेल्या वर्षी तो शनिवार बहुधा वल्हांडण सणाआधीचा असतो, म्हणून अनेकदा त्याऐवजी मलाखी संदेष्ट्याचा उतारा वाचतात. यिर्मयाचा उतारा नेमणारे मात्र विरोध दडवणारे नव्हते.

"सांत्वनाचा अर्पणांशी संबंध नाही." इथे हिब्रू शब्दच उत्तर देतो. लेवीय 1:4 मध्ये होमाच्या प्राण्याच्या डोक्यावर हात ठेवला की ते अर्पण मान्य होतं: "निर्त्सा". यशया 40:2 मध्ये यरुशलेमचा अधर्म "निर्त्सा" झाला. क्रियापद तेच. हे वचन इ.स.पू. 586 मध्ये वेदी उद्ध्वस्त झाल्यावर हद्दपार झालेल्या लोकांसाठी आहे. संदेष्टा वेदीची भाषा उचलतो आणि वेदी नसलेल्यांच्या हाती देतो. तिशा बआवच्या, म्हणजे मंदिराच्या नाशाच्या शोकदिनाच्या, उपासानंतरचे सात शनिवार यशयाचे सांत्वनाचे पाठ वाचतात, त्यांची सुरुवात याच अध्यायाने होते. दुसऱ्या आठवड्यात सियोन, म्हणजे यरुशलेम, म्हणते, "देवाने मला टाकलं" (49:14). तिसऱ्यात तिला "सांत्वन न पावलेली" म्हणून हाक येते (54:11). चौथ्यात देव स्वतः बोलतो: "मीच, मीच तुमचं सांत्वन करणारा" (51:12). हे पाठ यशयाच्या अध्यायक्रमाने नाहीत. 54 नंतर 51 येतो. स्पेनमधले चौदाव्या शतकातले रब्बी अबुदरहाम यांनी या क्रमात देव, संदेष्टे आणि सियोन यांचा संवाद दाखवला.

लेवीयाचे पहिले पाच अध्याय ज्या शनिवारी वाचतात, त्याच सकाळी पुढे यशया 43:21 ते 44:23 वाचतात. म्हणजे गरिबाच्या पिठाचं वचन आणि हा उतारा एकाच बैठकीत कानावर पडतात. त्यात 43:23 मध्ये देव म्हणतो, मी तुझ्यावर मिनहाचं ओझं लादलं नाही, लेवोनाने तुला थकवलं नाही. दोन वचनांनंतर: "मीच, मीच माझ्या स्वतःसाठी तुझे अपराध पुसून टाकतो."